धनुष्य निवडावं कसं? कंपाउंड धनुष्याच्या साठ वर्षांची गोष्ट

आजचा विषय वरवर पाहिला तर दुकानाच्या काउंटरवरचा वाटेल. कंपाउंड धनुष्य घ्यायचं तर कोणतं घ्यावं? किती पौंडाचं, किती लांबीचं, कसल्या कॅमचं? पण आज आपण त्याच्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. दुकानदार जे पाच-सहा आकडे आपल्यापुढे ठेवतो, त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी अडचणीतून जन्माला आलेला आहे. ती अडचण कळली की आकडा कळतो, आणि आकडा कळला की निवड सोपी होते.

आधी शब्दांचा एक घोटाळा मिटवू. मराठीत ‘संयुक्त धनुष्य’ म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून केलेलं जुनं धनुष्य. तुर्क, मंगोल, मुघल यांच्या घोडेस्वारांकडे असायचं ते. त्यात संयोग आहे तो निरनिराळ्या पदार्थांचा. आपण बोलतोय ते दुसरं, म्हणजे टोकांना चाकं आणि मध्ये दोऱ्यांचं जाळं असलेलं. याच्यात संयोग आहे तो यंत्रांचा. पहिलं हजारो वर्षं जुनं आहे, दुसऱ्याचं वय जेमतेम साठ. म्हणून आज आपण दुसऱ्याला सरळ ‘कंपाउंड’च म्हणू.

ही गोष्ट अमेरिकेत घडते, आणि तिची सुरुवात चाकांच्याही आधी होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यात मॉरिस आणि विल थॉम्प्सन हे दोघे भाऊ होते. दक्षिणेच्या माजी सैनिकांना बंदूक बाळगायची मनाई होती म्हणून त्यांनी धनुष्य हाती घेतलं, असं सांगतात. फ्लोरिडाच्या रानात ते धनुष्यावर शिकार करत हिंडले. मॉरिसने त्या अनुभवांवर लिहिलेलं पुस्तक १८७८ मध्ये निघालं आणि वाचकांना इतकं आवडलं की पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, तिथे राष्ट्रीय तिरंदाजी संघटना उभी राहिली. मॉरिस तिचा पहिला अध्यक्ष झाला.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातला. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोविल गावाजवळ एक माणूस एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला. याही जमातीतला तो शेवटचा उरलेला माणूस होता. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. लोक त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर त्याच्यावर उपचार करत होते. ते त्याच्याकडूनच धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी ती विद्या पुढे नेली, १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचे सोबती आर्थर यंग. या जोडीच्या नावाने १९६१ मध्ये धनुष्यावर शिकार करणाऱ्यांचा ‘पोप अँड यंग क्लब’ निघाला. अमेरिकेतल्या धनुष्य-शिकारीचं मूळ असं एका संपवल्या गेलेल्या समाजाच्या शेवटच्या माणसापाशी पोचतं. ही गोष्ट जाहिरातींत येत नाही, पण आपण लक्षात ठेवायला हवी.

१९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला. मग इतर राज्यंही त्या वाटेने गेली. त्याच दशकात बेल प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन धनुष्याचा अभ्यास मोजमापं घेऊन करत होते. काडी वाकते तेव्हा ताकद जाते कुठे, हा त्यांचा प्रश्न. पुढे मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी लाकडाला फायबरग्लासची साथ दिली आणि टिकाऊ रिकर्व्ह धनुष्य कारखान्यातून घरोघर पोचवलं. म्हणजे १९६० पर्यंत पदार्थ सुधारले होते. मूळ कल्पना मात्र अजून तीच होती. लवचीक काडी, दोन टोकं, एक दोरी.

आता त्या कल्पनेतली अडचण पाहू. साधं धनुष्य ओढताना वजन वाढत वाढत जातं आणि सगळ्यांत जास्त भार येतो तो शेवटी, नेम धरायच्या क्षणाला. म्हणजे हात स्थिर ठेवायची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच हात सर्वांत जास्त थरथरतो. शिकाऱ्याचं तर विचारूच नका. समोर हरीण आहे, ते झाडाआड आहे, ते पाऊल पुढे टाकेपर्यंत थांबायचंय, आणि बोटांवर पन्नास पौंड लोंबकळतायत!

दुसरी अडचण वेगाची. मिसूरी राज्यातले हॉलिस विल्बर अ‍ॅलन धनुष्याने शिकार करायचे. बाण पोचायच्या आत हरीण हलतं, ही त्यांची तक्रार होती अशी हकिकत सांगितली जाते. आपण हिशेब करून पाहू. हरीण २० यार्डांवर म्हणजे ६० फुटांवर आहे. रिकर्व्हचा बाण सेकंदाला १८० फुटांनी गेला तर त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला सुमारे ११०० फुटांनी धावतो. तो हरणाच्या कानी पाच-साडेपाच शतांश सेकंदांत पोचतो. उरलेला वेळ हरणाचा. तेवढ्यात ते दबतं, वळतं. नुसतं चुकलं तर ठीक, पण अर्धवट लागलं तर? जखमी जनावर रानात निघून जातं आणि कुठेतरी तळमळत मरतं. शिकारीच्या बाजूने असलेल्या माणसालाही न पटणारी ही गोष्ट. इथे आपल्या विषयाला खरं वजन येतं. धनुष्याची निवड ही फक्त हौसेची बाब राहत नाही.

अ‍ॅलननी काय केलं? नेहमीच्या धनुष्याची टोकं कापली आणि तिथे चाकं बसवली. चाकं म्हणजे कप्प्याच, पण एका खोडीसह. विहिरीवरच्या रहाटाचा आस चाकाच्या बरोबर मधोमध असतो. अ‍ॅलननी तो मुद्दाम कडेला सरकवला. त्यामुळे चाक फिरत जातं तशी ओढणाऱ्याला मिळणारी तरफ बदलत जाते. सुरुवातीला जोर लागतो, पण चाक एका मर्यादेपलीकडे फिरलं की तरफ आपल्या बाजूने होते आणि वजन एकदम उतरतं. जून १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं.

हे नीट समजायला सातारकरांनी यवतेश्वरचा घाट आठवावा. गावातून निघालं की चढ लागतो, दम निघतो. मग कासचं पठार येतं, तिथे चाल सपाट. आणि पठाराच्या कडेला उतार. कंपाउंड ओढताना ताकदीचा आलेख असाच दिसतो. आधी घाट, मग पठार, शेवटी दरी. तिरंदाज खरोखरच त्या शेवटच्या भागाला ‘दरी’ म्हणतात. साध्या धनुष्याच्या आलेखात पठारही नाही, दरीही नाही. शेवटपर्यंत नुसता चढ.

आता गणित. धनुष्यात साठणारी ऊर्जा म्हणजे त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. साधं धनुष्य ५० पौंडाचं, ओढ २० इंचांची, तर ढोबळ मानाने तो त्रिकोण झाला. ५० गुणिले २० भागिले २, म्हणजे ५०० इंच-पौंड. कंपाउंडचंही कमाल वजन ५० पौंडच धरा. पण ते लवकर गाठलं जातं आणि बराच वेळ टिकतं, म्हणून त्रिकोणाऐवजी पठार मिळतं आणि क्षेत्रफळ बरंच वाढतं. कमाल वजन तेवढंच, ऊर्जा जास्त, आणि वर धरून ठेवायला हलकं. तिन्ही गोष्टी एकदम कशा? कारण इथे पदार्थ बदलला नाही, भूमिती बदलली. फुकट काही मिळालेलं नाही. ओढताना माणसाला जास्त काम करावं लागतं. फक्त ते काम नेम धरायच्या आधी उरकून घेतलेलं असतं.

शेवटी वजन जितकं उतरतं, त्याला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. ७० पौंडाच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात राहतात फक्त १४ पौंड. हरीण झाडाआडून बाहेर यायची वाट आता बघता येते.

ही गोष्ट लगेच सर्वांना पटली असं मात्र नाही. कॅलिफोर्नियातले धनुष्य बनवणारे टॉम जेनिंग्ज यांनी कंपाउंडची गुणवत्ता ओळखली आणि ते कारखान्यात तयार करायला घेतलं. पण काही राज्यांनी आणि काही संघटनांनी सुरुवातीला त्याला दारच उघडलं नाही. हे धनुष्य आहे की यंत्र? हा वाद पोकळ नव्हता. धनुष्यासाठी वेगळा, लांब हंगाम दिला होता, कारण धनुष्य अवघड होतं. ते सोपं झालं तर ती सवलत कशाला? पोप अँड यंग क्लबने आपल्या नोंदवहीत बराच काळ ६५ टक्के लेट-ऑफची मर्यादा धरून ठेवली. पुढे त्याहून जास्त लेट-ऑफच्या धनुष्यांच्या नोंदी घेतल्या, पण वेगळी खूण करून. एक आकडा आणि त्याच्यामागे केवढी नैतिक चर्चा!

बाजाराने मात्र चर्चेची वाट पाहिली नाही. गोल चाकांच्या जागी वाकड्या आकाराचे कॅम आले, पठार आणखी रुंद झालं. दोन टोकांचे दोन कॅम एकदम फिरले नाहीत तर बाण वर-खाली जातो, ही नवी डोकेदुखी निघाली. त्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनच्या मॅट मॅकफर्सन यांनी एकच कॅम असलेलं धनुष्य लोकप्रिय केलं. त्यानंतर दोन्ही कॅम एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या रचना आल्या. सोबत दोरीतून पाहायचं पीप, भिंगाची साइट, कंप शोषणारा स्टॅबिलायझर आणि बोटांऐवजी दोरी सोडणारं रिलीज. बाणाचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या पुढे गेला.

मघाचा हिशेब पुन्हा करू. ३०० फुटांच्या वेगाने ६० फूट जायला पाव सेकंदही नको, दोन दशांश पुरे. आवाज पोचल्यावर हरणाकडे आधी सुमारे पावणेतीन दशांश सेकंद होते, आता दीड. निम्म्यावर आलं, पण शून्यावर नाही. यातला धडा फार महत्त्वाचा आहे. वेग कितीही वाढवा, आवाजाला तो गाठत नाही. म्हणून शिकारीसाठी जाणते लोक सर्वांत वेगवान धनुष्य घेत नाहीत, शांत धनुष्य घेतात, बाण थोडा जड ठेवतात, आणि मुख्य म्हणजे अंतर कमी ठेवतात.

तर आता दुकानात जाऊ. कोणता आकडा आधी पाहावा? बहुतेक जण पौंड विचारतात. आपण आधी ओढीची लांबी विचारू. रिकर्व्ह हवं तितकं ओढता येतं. कंपाउंडमध्ये कॅम फिरून थांबला की पुढे जणू भिंत असते. म्हणून ती भिंत आपल्या मापाची हवी. ढोबळ रीत अशी. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ७० इंच आले तर २८. लांबी जास्त झाली की मान मागे जाते, खांदा वर चढतो, दोरी हातावर बसते. शिंप्याकडे माप न देता सदरा शिवून घ्यावा तसं होतं.

मग वजन. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी हरणाच्या शिकारीसाठी किमान वजन ठरवून दिलंय, कारण फार हलकं धनुष्य जनावराला फक्त जखमी करतं. उलट बाजूला, जागतिक तिरंदाजी संघटनेने स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची कमाल मर्यादा घातली आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपलं वजन शोधायचं. परीक्षा सोपी आहे. खुर्चीत बसून, धनुष्य समोर धरून, ते आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढता आलं पाहिजे. उचलून हिसका द्यावा लागला तर ते वजन आपलं नाही. मानापायी घेतलेले दहा पौंड पुढे खांद्याच्या दुखण्यात मोजावे लागतात.

तिसरं, धनुष्याची लांबी, म्हणजे एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत. शिकारी झाडावर, झुडपात बसतो, त्याला साधारण ३० इंचांच्या आसपासचं आखूड बरं पडतं. मैदानावर उभ्या तिरंदाजाला ३६ ते ४० इंचांचं लांब धनुष्य हवं, ते हातात स्थिर राहतं. चौथं, ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर. ते कमी असेल तर वेग जास्त, पण बाण दोरीला जास्त वेळ चिकटून राहतो, आणि तेवढ्या वेळात हाताची प्रत्येक चूक बाणात उतरते. नवख्याने वेगाला भुलू नये, ते इथे. आणि एक कानमंत्र. दुकानात बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी ऊर्जा धनुष्यातच फिरते आणि ते फुटू शकतं, माणसाला इजाही होते.

आता प्रश्न येईल, हे सारं अमेरिकेचं झालं, आपलं काय? १९७२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी अमेरिकेने आपल्या १९३७ च्या कायद्यात दुरुस्ती करून तिरंदाजीच्या साहित्यालाही ११ टक्के कराखाली आणलं. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी जातो. म्हणजे तिथे शिकारीच्या खिशातून रानाचा सांभाळ, असा मार्ग धरला. त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. ब्रिटनमध्येही धनुष्याने वन्यप्राणी मारायला बंदी आहे. एकच वस्तू, देशागणिक वेगळा न्याय. म्हणून भारतात कंपाउंड घ्यायचं ते फक्त निशाणीच्या फळ्यासाठी. शिकारीचं धनुष्य म्हणून जे आखूड, वेगवान मॉडेल खपवलं जातं, ते आपल्या उपयोगाचं नाही, हे आधीच पक्कं करून दुकानात जावं.

आणि या वाटेवर आपण मोठी मजल मारली आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंडला १९९५ मध्ये जकार्तात प्रवेश मिळाला. आशियाई खेळांत ते २०१४ साली इंचॉनला आलं, आणि भारताच्या पुरुष संघाने तिथे सुवर्ण घेतलं. मग ऑगस्ट २०२३, बर्लिन. ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती स्वामी यांनी सांघिक सुवर्ण जिंकलं. तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपदातलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. दुसऱ्या दिवशी साताऱ्याची अदिती, वय १७, वैयक्तिक जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन! ५० मीटरवर १५ बाण, आणि प्रत्येक बाण आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. दोघांचा सराव साताऱ्यात, प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे.

या यशानंतर आपल्या गावोगावच्या मैदानांवर पालक मुलांना घेऊन येतात, ही आनंदाची गोष्ट. पण उत्तम प्रतीचं साहित्य लाखांच्या घरात जातं. कुणी त्यासाठी कर्ज काढतं. म्हणून सांगावंसं वाटतं, वाढत्या मुलाला जगज्जेत्याचं धनुष्य घेऊन देऊ नका. ज्याची ओढ आणि वजन मुलाबरोबर वाढवता येईल असं समायोजनाचं धनुष्य घ्या, आणि जमलं तर पहिलं वर्ष अकादमीचंच वापरा.

पण इतकं यंत्र आल्यावर माणसाचं काय उरलं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर शीतल देवीकडे पाहून मिळतं. किश्तवाडची ही मुलगी जन्मतः हातांविना आहे. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याला लावलेल्या रिलीजने दोरी ओढते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत तिने मिश्र सांघिक कांस्यपदक घेतलं. शेवटी वजन उतरवणारी ती कडेला सरकलेली चाकं नसती, तर हे किती कठीण झालं असतं! अ‍ॅलन १९७९ मध्ये वारले. हरणासाठी शोधलेली युक्ती कुठवर पोचली ते त्यांना पाहता आलं नाही.

ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी १९७२ मध्ये परतली, पण कंपाउंड दाराबाहेरच राहिलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत मिश्र सांघिक प्रकारात त्याला प्रथमच जागा मिळणार आहे. ज्या देशात जन्मलं त्याच देशात.

मग सार काय? यंत्राने ओढ वाटून घेतली, वाट पाहणं सोपं केलं. सोडायचं कधी आणि सोडायचं की नाही, हे मात्र त्याने आपल्याकडेच ठेवलं. धनुष्य निवडताना आपण खरं तर एवढंच ठरवतो की कोणता भार चाकावर टाकायचा आणि कोणता स्वतःकडे ठेवायचा. ज्याला हे आधी ठरवता आलं, त्याला दुकानातले आकडे घाबरवत नाहीत.

एवढं बोलून थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.